मधली जागा, एक्केचाळीस ई

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. तंजावूर.

अंबा पडली. इथे नाही, जर्मनीत. आमच्या लेकीच्या, भुवनाच्या दारासमोरच्या पायरीवर रात्री बर्फ गोठलं होतं, त्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. भुवनाचे दिवस भरायला तीन आठवडे उरलेत आणि तिच्या बाळंतपणासाठी गेलेल्या बाईला आता स्वतःची वेणी घालता येत नाही.

फोनवर अंबा रडली नाही. "डाव्या हाताने रस्सम ढवळता येतं हो, पण भांडं उतरवता येत नाही," एवढंच म्हणाली. मागून जावई विघ्नेश ओरडला, "मामा, काळजी नको, मी रजा काढतो." त्याच्या कंपनीची रजा मला ठाऊक आहे. लग्नालासुद्धा चार दिवसच मिळाली होती.

मग भुवना फोनवर आली. मी विचारलं, "मी येऊ का गं?"

तिने आधी मागचा नळ बंद केला. मग म्हणाली, "वेंडाम अप्पा. नको. तुम्हाला त्रास. तुमचा गुडघा आहे ना."

किती समजूतदार पोर! एवढ्या अडचणीतही माझा गुडघा विसरली नाही.

आता गुडघ्याविषयी. डिसेंबरात अंबाबरोबर मीही जायचा होतो. व्हिसा दोघांचा आला, तिकिटं दोघांची आली आणि निघायच्या आदल्या दिवशी माझा डावा गुडघा धरला. अंबाने तेल चोळलं, एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एकटी गेली. आमच्या घरात देवनागरी वाचू शकणारा मी शेवटचा. म्हणून या वहीत खोटं लिहायची गरज नाही. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

झोप नाही. पहाटे उठून मोठ्या देवळाला दोन फेऱ्या घातल्या. गुडघा उत्तम.

खरं दुखणं असं आहे की मला बंद जागेत बसवत नाही. सातवीत असताना तिरुवैयारूजवळ मामाच्या गावी लपाछपी खेळताना भाताच्या कोठारात शिरलो आणि बाहेरून कुणीतरी कडी घातली. संध्याकाळी सापडलो. एवढंच. कुणी मेलं नाही, हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून बसमध्ये मी पाऊस असला तरी खिडकीची झडप वर ठेवतो, सिनेमाला दाराजवळ बसतो आणि घरी न्हाणीघराला कडी लावत नाही, नुसता खाकरतो. नोकरीही बघा कसली धरली: शाळेत ड्रिल मास्तर. एकतीस वर्षं उघड्या मैदानावर, उन्हात. पोरांना वाटायचं सांबशिव सार फार कडक आहेत, वर्गात पाय ठेवत नाहीत. सार वर्गाला घाबरत होते.

सकाळी आठला विघ्नेशला फोन करून सांगितलं, तिकीट काढ. तो म्हणाला, "मामा, खरंच?" दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

अकरा तारखेची रात्र, चेन्नईहून. साडेदहा तास. मधली जागा. इतक्या घाईत दुसरी मिळाली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

राजगोपाल आला होता. आमच्याच गल्लीत राहतो, बँकेतून निवृत्त झालेला, आणि एकदा अमेरिकेला जाऊन आल्यामुळे आकाशमार्गावरचा अधिकारी. त्याने सांगितलं, भरपूर पाणी पी. मग सांगितलं, पाणी पिऊ नको, उठावं लागतं. पाय सुजतात म्हणून घट्ट मोजे आण. ते आणायला गेलो तर औषधाच्या दुकानातल्या मुलीने माझ्या पोटरीला टेप लावून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माप मोठ्याने वाचलं.

मग त्याचीच कल्पना, की सराव करावा. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवली. समोर दुसरी खुर्ची, पाठ माझ्याकडे करून, इतकी जवळ की गुडघे टेकतील. शेजारी प्रवासी म्हणून राजगोपाल. खिडक्या बंद, पंखा बंद. दहा तास बसायचं ठरलं. पहिल्या तासात त्याने डब्यातली चकलीसारखी मुरुक्कं संपवली. नंतर झोपला आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. जागा झाल्यावर म्हणाला, विमानात अगदी असंच होतं.

एक तास चाळीस मिनिटांनी मी समोरची खुर्ची लोटून अंगणात पळालो. घाम आंघोळ केल्यासारखा. राजगोपाल मागून आला. चेष्टा करील वाटलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, तांब्यातून पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "सांबा, विमानात अंगण नसतं रे."

मी म्हटलं, "गुडघा आखडला."

"हो हो," तो म्हणाला. "गुडघाच."

बिचारा भोळा आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी.

भुवनाला फोन केला. काय आणू विचारलं. "काही नको, अप्पा, सगळं मिळतं इथे." अंबाने मात्र यादी दिली: सुंठ, ओवा, काळ्या मनुका, जुन्या धोतराचे मऊ तुकडे. भुवनाला मराठी सगळं समजतं, बोलताना अर्धं तमिळ करते. पण आज काही फारसं बोललीच नाही. दमत असेल.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. रोज वही उघडतो आणि टाळतो. दोन वर्षांपूर्वी भुवनाला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती. त्या रात्री तिने स्वतः फोन केला होता, अंबाला नाही, मला. "अप्पा, तुम्ही या," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. मग दोन आठवडे कागदपत्रांच्या, डॉक्टरच्या आणि गुडघ्याच्या गोष्टी सांगत राहिलो. शेवटी अंबाही गेली नाही, कारण मला एकटं कसं ठेवायचं. भुवनाने पुन्हा कधी 'या' म्हटलं नाही. मला वाटलं, सावरली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. चेन्नई विमानतळ, रात्री ११.

सकाळच्या गाडीने आलो, दाराजवळच्या जागेवर बसून. तपासणीत माझ्या पिशवीतून सुंठेची पूड काढून दोन पोलिसांनी वास घेतला. एक शिंकला. दुसऱ्याने विचारलं, "काय आहे हे?" मी म्हटलं, "मुलीचं बाळंतपण." त्याने पूड पिशवीत परत ठेवून वरून नीट गाठ मारून दिली.

इथून विमान दिसतं. इतकं मोठं असेल वाटलं नव्हतं. खिडक्या मात्र पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढ्या.

बुधवार, १२ फेब्रुवारी. विमानात. चेन्नईच्या घड्याळात पहाटे ३.१०.

आधी लाजेची गोष्ट लिहून टाकतो. मी उतरायला निघालो होतो.

एक्केचाळीस ई. डावीकडे एक आडव्या अंगाचे गृहस्थ, बसताक्षणी झोपले. उजवीकडे, वाटेच्या कडेला, विनुता नावाची तरुण बाई, मांडीवर सात महिन्यांची मुलगी. मागची बाई, पुढची पाठ, वर सामानाच्या कप्प्यांची झाकणं, आणि कुणीतरी ती झाकणं धाडधाड बंद करत येतंय. प्रत्येक धाडीला छातीवर कुणीतरी एकेक वीट ठेवत होतं. मी पट्टा सोडला आणि उभा राहिलो. डोकं वरच्या झाकणावर आपटलं.

हवाईसुंदरी आली. "सर, काही हवंय?"

मी म्हटलं, "मला उतरायचंय."

तिने आवाज खाली आणला. "सर, दार आता बंद होईल. तुम्ही उतरलात तर सामान काढावं लागेल, परत चढता येणार नाही. नक्की?"

मी नक्की म्हणणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात विनुताने मुलीला सरळ माझ्या हातात दिलं. "अंकल, एक मिनिट धरा, बाटली खाली पडली," म्हणत ती जागेखाली वाकली आणि शोधत राहिली. मुलीने माझ्या सदऱ्याचं वरचं बटण मुठीत धरलं आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मीच तिचं काहीतरी चोरलंय. हवाईसुंदरी वाट बघत होती. पण हातात मूल घेऊन माणूस विमानातून उतरू शकत नाही, त्यातून दुसऱ्याचं.

बाटली सापडेपर्यंत दार बंद झालं. नंतर बघितलं तर बाटली तिच्या पिशवीतच होती. इतकी विसराळू मुलगी एकटी प्रवास कशी करते, देव जाणे.

विमान धावू लागलं तेव्हा तिने मुलीला पट्ट्याने मांडीवर बांधलं आणि मला म्हणाली, "अंकल, हिचा पाय धरून ठेवा ना, फार लाथा मारते." मी धरून ठेवला. मुलीने एकही लाथ मारली नाही. केवढासा पाय, माझ्या दोन बोटांएवढा. तेवढ्याला धरून मी जमिनीवरून वर गेलो.

पहाटे ५.४०.

समोरच्या पडद्यावर नकाशा आहे. त्यावर विमान चिकटवल्यासारखं आहे. एक बोट सरकायला चाळीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं. पाहायला नको होतं.

जेवण साडेतीनला दिलं. अशा वेळी मी जन्मात जेवलेलो नाही. उपम्यासारखं काहीतरी होतं. पहिला घास घेतला आणि समोरच्याने पाठ मागे सोडली, तशी ताटली माझ्या पोटात घुसली. मला ना खाता येईना, ना ताटली उचलता येईना. विनुताने माझ्या ताटातला पाव काढून मला हातात दिला. मी पोरासारखा खाल्ला.

संडासाचं तर लिहू नये. दार मधून दुमडतं आणि आत कडी लावल्याशिवाय दिवा लागत नाही. मी कडी लावणार नव्हतो. तेव्हा अंधारात, एका पायाने दार अडवून, वाकडा उभा. एकतीस वर्षं मुलांना एका पायावर उभं केलं त्याची फेड झाली. एका उंच गोऱ्या बाईने दार ढकललंच. आम्ही दोघांनी एकाच वेळी क्षमा मागितली.

विनुता कुंभकोणमची. तमिळमध्ये हळूहळू बोलत होती. "अप्पांना बघायला गेले होते, अंकल. आजारी होते ना. पोचले तर दोन दिवस उशीर झाला होता."

मी विचारलं, "तिकीट मिळालं नाही?"

"मिळत होतं. मीच ढकलत होते. हिचा पासपोर्ट, नवऱ्याची परीक्षा, मग थंडी. कारणं खूप सापडतात ना?"

आणि मी काय म्हणालो? "गुडघ्याचं दुखणं फार वाईट असतं." असं म्हणालो. शपथेवर. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हो, अंकल."

सकाळचे साडेनऊ आपल्याकडे. बाहेर अजून अंधार.

सहा वाजता मुलगी रडू लागली. आधी बारीक, मग सगळ्या विमानाला कळेल असं. विनुताने थोपटलं, पाजलं, काही चालेना. लोक चादरी डोक्यावर ओढू लागले. मी म्हटलं, "आण इकडे." का म्हटलं ठाऊक नाही. भुवना लहान असताना रात्री अंबाच उठायची.

मुलीला खांद्यावर घेऊन वाटेत उभा राहिलो. गाणं मला येत नाही. तंजावुरात जन्मून गाणं न येणारा मी एकटाच असेन. मला येतं ते एकच. कानाशी हळू आवाजात सुरू केलं: एक, दोन. एक, दोन. डावा, उजवा. शेवटच्या टोकाला जाऊन उलट वळायचं, स्वयंपाकाच्या पडद्यापर्यंत यायचं, पुन्हा वळायचं. तिसऱ्या फेरीला तिचं रडणं थांबलं. सातव्या फेरीला तिने माझ्या मानेत तोंड घातलं. मी थांबलो की चुळबुळ करायची, म्हणून थांबलो नाही. विनुता मान वाकडी करून झोपली होती आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या कोरड्या हवेने डोळ्यांना पाणी येतं असं राजगोपालने सांगितलं होतंच.

एकशे बारा फेऱ्या झाल्या. तीन तासांवर. घट्ट मोजे तळाशी गोळा होऊन बसले. आणि लिहिताना आता लक्षात येतंय की त्या तीन तासांत मला दारं आठवली नाहीत.

विमानतळ, उतरल्यावर.

उतरताना काही फार बोलणं झालं नाही. तिचा नवरा काचेपलीकडे हात हलवत होता. तिने वाकून मला नमस्कार केला, तिथे, त्या सगळ्या लोकांत, मुलीसकट. मी गडबडलो आणि तिला म्हटलं, "बाटली सांभाळून ठेव." ती हसली आणि रडली, दोन्ही.

बुधवारच, संध्याकाळ. मानहाइम, भुवनाचं घर.

अंबा दारात उभी होती, प्लास्टरचा हात पुढे करून, रस्त्यातला पोलीस गाड्या थांबवतो तशी. म्हणाली, "आलात कीं." बस. मग आत जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होती.

भुवनाचं पोट खूप मोठं दिसतं. तिने विचारलं, "गुडघा कसा आहे, अप्पा?" मी म्हटलं, "बरा आहे." ती म्हणाली, "बरं," आणि मला माझी खोली दाखवली. घर गरम राहावं म्हणून खिडक्या बंद असतात इथे. माझ्या खोलीतली खिडकी मात्र चार बोटं उघडी होती आणि पलंगावर दोन जादा रजया ठेवल्या होत्या. थंडीत खिडकी बंद करायला विसरली असेल. मी बंद केली नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

स्वयंपाक शिकतो आहे. अंबा खुर्चीवर बसून हुकूम सोडते. "मोहरी, आता, आता म्हणते ना!" जळली. काल रस्सम असं झालं की विघ्नेशने विचारलं, "मामा, हे पिण्यासाठी आहे की लावण्यासाठी?" पण भुवनाने ताटभर भात त्याच्याशीच खाल्ला. माझ्याशी ती पाहुण्यांशी बोलतात तशी बोलते. "अप्पा, चहा घ्या. अप्पा, स्वेटर घाला."

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

सकाळी विघ्नेश कामाला गेला. अंबा आंघोळीला. भुवना सोफ्यावर बाळाचे छोटे कपडे घडी करत होती, मी समोर बसून तेच करत होतो, वाईट. तिने माझी एक घडी उलगडली आणि परत घातली. मग खाली बघत म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही आला नाहीत."

माझ्या तोंडात शब्द तयार होता. गुडघा. साठ वर्षांची सवय.

मी म्हटलं, "भ्यालो होतो गं. विमानाला. बंद दाराला. गुडघ्याला काही नव्हतं."

"मला ठाऊक होतं."

"अम्माने सांगितलं?"

"कुणी सांगितलं नाही. मी लहान होते तेव्हापासून ठाऊक आहे. न्हाणीघरातून तुम्ही खाकरायचात ना."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? दोन वर्षं?"

"फोनवर नव्हतं बोलायचं. तुम्ही आलात तर बोलेन असं ठरवलं होतं." तिने हातातला कपडा बाजूला ठेवला. "आता आलात."

आणि ती बोलली. तमिळ नाही, इंग्रजी नाही, सगळं मराठीत, आमच्या घरच्या मराठीत, शब्द अडला की थांबून, शोधून. त्या रात्री हॉस्पिटलात काय झालं ते. विघ्नेश कॉरिडॉरमध्ये भिंतीला कपाळ लावून उभा होता ते. रोज फोन वाजला की तिला वाटायचं मी विमानतळावरून करतोय. मग वाटेनासं झालं. "तुम्ही मेला असतात तर मी रडले असते, अप्पा. तुम्ही घरी बसून होतात. त्याला काय करायचं ते मला कळत नव्हतं." असंसुद्धा म्हणाली. माझ्यावर कधी आवाज न चढवलेली पोर, तिने चढवला. मी मध्ये एकदाही बोललो नाही. हे मला जमेल असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. आंघोळ कधीच झाली होती, पण अंबा न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

शेवटी भुवनाने त्या मुलीचं नाव सांगितलं. नाव ठेवलं होतं त्यांनी. मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. मी ते नाव एकदा मोठ्याने म्हटलं. तिने मान हलवली आणि सांगितलं, असं नाही, शेवटचं अक्षर लांब. मी पुन्हा म्हटलं. मग बरोबर आलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. या वहीत मी बरंच काही लिहिलंय, त्यात ते नको.

बोलून बोलून ती दमली, डोळे पुसले आणि म्हणाली, "भूक लागली." मी उठून भात लावला.